क्लाउडवरच्या फोटोंचा हार्डडिस्कवर बॅकअप

क्लाउडवर साठवलेले फोटो आणि त्यांच्यावर केलेलं एडिटिंग स्वतःच्या हार्डडिस्कवर उतरवून ठेवायची पद्धत. बोलताना सिंक आणि बॅकअप सर्रास एकच धरतात, पण सिंकमध्ये एकीकडे उडवलेला फोटो दुसरीकडूनही जातो, बॅकअपमध्ये तो राहायला पाहिजे. ही नोंद मुख्यतः गूगल फोटोजपुरती आहे.

उगमाबद्दल दोन मतं दिसतात. एक मत छायाचित्रकारांकडे बोट दाखवतं: तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक प्रत घराबाहेर, हा '३-२-१' नियम अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोघ यांच्या नावावर सांगतात, साधारण २००० च्या दशकातला. टेपची एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवायची रीत मोठ्या कॉम्प्युटरच्या काळापासून होतीच, त्यामुळे क्रोघ यांनी तिला सुटसुटीत आकडे दिले इतकंच म्हणणं बरं. दुसरं मत गूगलच्या 'डेटा लिबरेशन फ्रंट' या गटापासून सुरुवात धरतं. हा गट २००७ च्या सुमारास सुरू झाला, त्यांचं टेकआउट (गूगलवरचा आपला डेटा एकदम उतरवून घ्यायची सोय) जून २०११ मध्ये आलं आणि त्यात पिकासा वेब अल्बम्स, म्हणजे गूगलची तेव्हाची फोटोंची सेवा, पहिल्यापासून होते. क्लाउडवरून उलट खाली आणायचं म्हटलं तर हेच मत जास्त जुळतं.

गूगल फोटोज मे २०१५ मध्ये आलं. १ जून २०२१ ला फुकट अमर्याद जागा बंद झाली आणि जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळं मिळून १५ जीबी उरले. त्याआधी जुलै २०१९ मध्ये ड्राइव्हमध्ये आपोआप दिसणारं फोटोंचं फोल्डर तुटलं होतं आणि ३१ मार्च २०२५ नंतर बाहेरच्या प्रोग्रॅमना पूर्ण लायब्ररी वाचायची परवानगी राहिली नाही, त्यामुळे आरक्लोनवर (क्लाउडवरच्या फाइली कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमवर) विसंबलेले लोकही टेकआउटकडे आले.

टेकआउट झिप फाइली देतं, एकेक फाइल जास्तीत जास्त ५० जीबीची. जुना पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर बसतच नाही. अल्बममधला फोटो वर्षाच्या फोल्डरमध्ये आणि अल्बमच्या फोल्डरमध्ये असा दोनदा येतो.

खरी गुंतागुंत तारखांची. अॅपमध्ये दुरुस्त केलेली तारीख, कॅप्शन, जागा हे फोटोच्या आत लिहिलं जात नाही, शेजारच्या जेसन फाइलमध्ये (फोटोची माहिती ठेवणाऱ्या मजकुराच्या छोट्या फाइलमध्ये) येतं, आणि ती कधीकधी दुसऱ्याच झिपमध्ये पडलेली असते, म्हणून सगळ्या झिप एकाच फोल्डरमध्ये उघडाव्यात. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत तर एक्झिफ माहिती (कॅमेऱ्याने फोटोच्या आतच लिहिलेली तारीख, जागा वगैरे) नसतेच, सगळा भरवसा जेसनवर. आता जेसनमधली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, तर एक्झिफमधली वेळ कॅमेऱ्याच्या घड्याळाची, आणि टाइमझोन लिहायची सोय एक्झिफमध्ये २०१६ च्या आवृत्तीपासूनच आली. म्हणजे नरक चतुर्दशीला पहाटे ४ वाजता काढलेला अभ्यंगस्नानाचा फोटो जेसनमध्ये आदल्या रात्री साडेदहाचा दिसतो, आणि एखाद्या स्क्रिप्टने तोच आकडा तसाच फोटोत कोंबला की दिवाळीच्या पहाटेचे फोटो एक दिवस मागे सरकतात (हे लक्षात यायला मला दोन दिवाळ्या लागल्या). जेसनमधली माहिती फोटोत लिहायला फिल हार्वी यांचं एक्झिफटूल वापरावं, पण टाइमझोन हाताने सांगावा.

एडिटिंगचं म्हणाल तर मूळ फोटो आणि 'एडिटेड' शेपटीची प्रत अशा दोन फाइली मिळतात. खात्याची भाषा जर्मन असेल तर ती शेपटीही जर्मन होते आणि इंग्रजी शेपटी शोधणारी स्क्रिप्ट फसते. प्रतीत एडिटिंगचा निकाल असतो, कृती नसते: उजेड किती वाढवला, कुठे कापलं, हे परत सुटं करता येत नाही. अडोबी लाइटरूममध्ये उलट, तिथे एडिट म्हणजे सूचनांची यादीच, आणि मूळ फोटो सेटिंगसकट एक्स्पोर्ट केला तर ती एक्सएमपी नावाच्या जोडफाइलीत किंवा फोटोतच सोबत येते. आयफोनवर एडिट केलेल्या फोटोसोबत येणारी अॅपलची एएई फाइलही त्याच जातीची, पण ती अॅपलच्या बाहेर फारशी कोणी वाचत नाही. एडिट म्हणजे निकाल की कृती यावर एकमत नाही, जागा असेल तर दोन्ही ठेवावं.

डिस्कवरचे फोटो उघडून, मोजून बघेपर्यंत क्लाउडवरचं काही उडवू नये. चुकून उडवलंच तर गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो.