पेटीत घातला म्हणून आंबा लहान होत नाही

मे महिन्यात देवगडला गेलो होतो. दुपारची झोप लागते न लागते तोच शेजारचे आबा मोबाइल घेऊन पडवीत हजर. बागेच्या जुन्या कागदांचे त्यांनी सात फोटो काढले होते. खळ्यात चिऱ्यावर कागद ठेवलेला, वारा येतो म्हणून एका कोपऱ्यावर खडा, आणि मजकुरावर आबांच्याच डोक्याची सावली. ऑनलाइन अर्जाला मात्र एकच पीडीएफ हवी होती, तीही 2 एमबीच्या आत.

"फोटो काढलंय रे, पण ह्यां पीडीएफ म्हणजे काय तां?"

एका ॲपने त्यांना पीडीएफ करून दिलीही होती. ती भरली 28 एमबी. सात फोटो, प्रत्येकी 4 एमबीच्या आसपास, म्हणजे बेरीज तीच. आबांना हे पटेना. 'कन्व्हर्ट' केल्यावर फाइल लहान व्हायला नको का?

गोम त्या 'कन्व्हर्ट' शब्दातच आहे. जेपीजी, म्हणजे फोटो साठवायचा नेहमीचा प्रकार. अशा फोटोची पीडीएफ करताना बहुतेक वेळा फोटोचं काहीच बदलत नाही. तो जसाच्या तसा, बाइटनं बाइट, आत ठेवला जातो. पीडीएफ ही आंब्याची पेटी समजा. आंबा तोच, फक्त त्याला खोका मिळाला. खोक्यावर मजकूर असतो तो असा: पान एवढं रुंद, एवढं उंच, आणि हे चित्र इथून इथपर्यंत लाव. ही मापं पॉइंटमध्ये असतात. 1 इंचाचे 72 पॉइंट, म्हणून ए4 पान सुमारे 595 बाय 842 पॉइंटचं. कुठल्याही यंत्रावर पान सारखंच दिसावं, हा हट्ट ॲडोबी या सॉफ्टवेअर कंपनीच्या जॉन वॉर्नॉक यांनी 1991 मध्ये धरला. 1993 मध्ये पीडीएफ बाजारात आली आणि 2008 मध्ये ती आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं खुलं मानक झाली.

पेटीतल्या मालाची यादी असते फाइलच्या शेवटी. कुठली वस्तू कितव्या बाइटपासून सुरू होते, ते तिथं लिहिलेलं असतं आणि वाचणारं ॲप आधी शेपटाकडे धाव घेतं. आमच्याकडे रेंज जाते तेव्हा याचा अनुभव येतो. अर्धवट उतरलेला जेपीजी निदान वरचा भाग तरी दाखवतो, अर्धवट पीडीएफ बहुधा उघडतच नाही. यादीच आलेली नसते ना!

मग फाइल लहान करायची कशी? पेटी नव्हे, आंबा लहान करायचा. 12 मेगापिक्सेलच्या फोटोत 4000 गुणिले 3000, म्हणजे 1 कोटी 20 लाख ठिपके. ए4 कागदावरचा ठसठशीत मजकूर वाचायला इंचाला 150 ठिपके पुरतात. तो हिशेब येतो 1240 गुणिले 1754, म्हणजे 22 लाखांच्या आत. पाचवा हिस्साही नाही.

ठिपके कमी न करता नुसता दर्जा घसरवला, तर वेगळीच गंमत होते. जेपीजी चित्राचे 8 बाय 8 ठिपक्यांचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोन लहानमोठ्या लहरींच्या बेरजेत मांडतो. या गणिताचा पाया बंगळुरात जन्मलेले नासिर अहमद आणि त्यांचे दोन सहकारी यांनी 1974 मध्ये घातला. डोळ्याला न जाणवणाऱ्या बारीक लहरी गाळून टाकल्या की फाइल हलकी होते. आभाळ, समुद्र, माडाच्या झावळ्या यांना हे चालून जातं. अक्षरांना चालत नाही, कारण अक्षराची कड म्हणजे काळ्यातून एकदम पांढरं, आणि ती कड उभी राहते नेमकी त्या बारीक लहरींवर. त्या गेल्या की शिरोरेषेभोवती चिलटं जमल्यासारखी धूळ दिसू लागते. धूळ कुठली आणि अनुस्वार कुठला, कळेनासं होतं.

फोनमधलं 'स्कॅन' यासाठीच बरं. ते कागदाचे चार कोपरे शोधतं, तिरपा चौकोन गणितानं ताणून सरळ करतं, आणि सावलीतला भाग आजूबाजूच्या उजेडाशी ताडून उजळतं. आयफोनच्या नोट्स आणि फाइल्समध्ये ते आहे, अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हमध्ये. आधीच काढलेला फोटो असेल तर अँड्रॉइडवर 'प्रिंट'मध्ये जाऊन प्रिंटरऐवजी 'सेव्ह ॲज पीडीएफ' निवडायचं. विंडोज 10 पासून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' मिळतं, मॅकवर प्रिव्ह्यू. मात्र प्रिंटच्या वाटेनं फोटो कधी कधी नव्यानं रंगवला जातो आणि फाइल मूळ फोटोपेक्षा फुगते. आयफोन 2017 पासून फोटो एचईआयसी या प्रकारात ठेवतो, तो पीडीएफच्या पेटीत मावत नाही. त्याचा आधी जेपीजी करावा लागतो, बहुतेक ॲप ते गुपचूप करतात.

थोडक्यात, फोन हे काम स्वतःच करतो. त्यासाठी सातबारा आणि आधार कुठल्यातरी अनोळखी फुकट वेबसाइटवर चढवणं मला अजिबात रुचत नाही. आणि आधारचा नंबर झाकायचा तर तो पीडीएफ केल्यावर झाकू नका. पीडीएफवर काढलेली काळी पट्टी बऱ्याचदा वेगळी वस्तू म्हणून चित्राच्या वर ठेवली जाते. ती उचलली की खाली नंबर शाबूत. पट्टी आधी फोटोवर मारावी, फोटो नव्यानं जतन करावा आणि मग तो पेटीत घालावा.

आबांचे सातही कागद पडवीत, सावलीत पुन्हा स्कॅन केले. आकार घटवला, रंग काढून करडे केले. फाइल झाली 1.7 एमबी. अर्ज एकदाचा गेला. आबांनी चष्मा खिशात ठेवला आणि म्हणाले, "आता ह्येची येक प्रिंट काढ. फायलीक लावूक व्हयी."