केटी, वायडी आणि ‘कॅरी ऑन’: पदवी अर्धवट राहण्यामागची पार्श्वभूमी

पदवीचा विद्यार्थी कॉलेज सोडतो तेव्हा तसे कोणाला सांगत नाही. तो परीक्षेचा फॉर्म भरत नाही, एवढेच. दाखला काढायला आला तर ऑफिसला कळते. नाहीतर नाव पटावर आणि मूळ कागद फायलीत पडून राहतात. महाविद्यालयीन गळतीवरचे बहुतेक वाद या नोंद न झालेल्या जाण्याभोवती फिरतात. कितीही विषय राहिले तरी पुढच्या वर्षात बसू द्या, ही दर उन्हाळी निकालानंतर उठणारी ‘कॅरी ऑन’ची मागणीही त्यातलीच.

‘गळती’ हा शब्द मुळात शाळेचा. १९२९ च्या एका समितीच्या अहवालाने प्राथमिक शिक्षणातली गळती आणि स्थगन ही जोडी रूढ केली: मधेच शाळा सोडणे म्हणजे गळती, एकाच इयत्तेत अडकून राहणे म्हणजे स्थगन. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या १०० मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत १८ च दिसली, हा त्या अहवालातला आकडा आजही बी.एड.च्या वर्गात सांगितला जातो. कॉलेजला ही जोडी कधीच नीट बसली नाही. शाळेत अडकलेला मुलगा वर्गात तरी दिसतो. कॉलेजात अडकलेला कुठेच दिसत नाही.

मोजणीची रेघही जागची हलली. जुन्या क्रमात मॅट्रिकनंतर थेट कॉलेज होते, आणि इंटर (कॉलेजची पहिली दोन वर्षे) करून नोकरीला लागलेला तरुण हिशेबाने पदवी अर्धवट सोडलेला ठरे. सत्तरच्या दशकात १०+२+३ हा आकृतिबंध आला, आणि तसाच तरुण ‘बारावी पास’ झाला. वर्गखोल्या पुष्कळ ठिकाणी त्याच राहिल्या, कनिष्ठ महाविद्यालयाची पाटी लागली. त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या टक्केवाऱ्या शेजारी मांडून ‘पूर्वी मुले टिकत नव्हती’ असे म्हणण्यात फारसा अर्थ नाही.

खरा गुंता एटीकेटीचा, बोलण्यातल्या ‘केटी’चा आहे. विस्तार ‘अलाउड टू कीप टर्म्स’. जुन्या विद्यापीठीय पद्धतीत टर्म म्हणजे हजेरीचे माप: संलग्न कॉलेजात ठरावीक टर्म भरल्या, तरच परीक्षेला बसता येई. सबमिशनच्या, म्हणजे जर्नल जमा करण्याच्या आठवड्यात डिफॉल्टर (हजेरी कमी असलेल्यांच्या) यादीसमोर ‘टर्म ग्रँट झाली का?’ हा प्रश्न आजही ऐकू येतो, त्याचे मूळ हेच. म्हणजे एटीकेटी ही शिक्षा नव्हे. काही विषय राहिले असतानाही पुढच्या वर्गात बसण्याची ती परवानगी आहे. बोलण्यात मात्र अर्थ उलटा झाला. ‘केटी लागली’ म्हणजे नापास झाला, असे घरचे समजतात, आणि पुष्कळदा मुलगाही तसेच समजतो. पहिल्या सत्रात दोन विषय गेलेला मुलगा ‘आपले वर्ष गेले’ समजून गावी निघून गेला, असे प्रकार पहिल्या वर्षाच्या वर्गशिक्षकांना नवीन नाहीत. वर्ष गेलेले नसते. पुढच्या सत्राचा प्रवेश आणि राहिलेल्या विषयांचा फॉर्म एवढेच भरायचे असते.

या एका शब्दाखाली तीन वेगळ्या घटना दडतात. विषय राहणे, म्हणजे बॅक: पुढे जाता येते. डिटेन होणे: हजेरी भरली नाही (अट बहुधा ७५ टक्क्यांची) किंवा सबमिशन पूर्ण नाही, म्हणून परीक्षेलाच बसता येत नाही, ते सत्र पुन्हा करावे लागते. आणि वायडी, म्हणजे इयर डाउन: राहिलेल्या विषयांची संख्या मर्यादेबाहेर गेली, पुढच्या वर्षाचा प्रवेश नाही. मर्यादा विद्यापीठागणिक आणि पॅटर्नगणिक, म्हणजे अभ्यासक्रमाच्या आवृत्तीगणिक बदलते. अभियांत्रिकीतला सर्वसाधारण सांगाडा असा: पहिल्या वर्षाचे काही विषय राहिले तरी दुसऱ्यात जाता येते, पण तिसऱ्याचे दार पहिले वर्ष पूर्ण सुटल्याशिवाय उघडत नाही. म्हणून पहिल्या वर्षाचा एक गणिताचा पेपर मुलाला दोन वर्षांनी गाठतो.

वायडीचे वर्ष कसे असते, हे नियम करणाऱ्यांनी जवळून पाहायला हवे. मुलाची हजेरी आधीच भरलेली, प्रात्यक्षिके झालेली. उरलेत फक्त लेखी पेपर. वर्गात बसायची सक्ती नाही आणि बसवून घेणाराही कोणी नाही. नियमित प्रवेश नाही म्हणून बोनाफाईडची (विद्यार्थी असल्याच्या दाखल्याची) अडचण, आणि बोनाफाईड नाही म्हणून एसटीचा सवलतीचा पास नाही. शासकीय वसतिगृहातली जागा नापास झाल्यावर टिकत नाही. शिष्यवृत्तीचे नूतनीकरण थांबते. बरोबरची मुले पुढे गेलेली असतात. महिना-दोन महिने घरी बसल्यावर काम मिळते, आणि हिवाळी परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख कामाच्या दिवशीच येते. त्याला कोणी काढले नाही, त्यानेही सोडले नाही. पुढच्या जूनमध्ये तो येत नाही, इतकेच.

‘कॅरी ऑन’ची मागणी इथून निघते: मर्यादा यंदापुरती उठवा, सगळ्यांना पुढच्या वर्षात बसू द्या. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, मधल्या वर्षांना अंतर्गत मूल्यांकन आणि आधीच्या सत्राचे गुण यांवर पुढे पाठवले गेले; अंतिम वर्षाच्या परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही, हा निकाल त्याच वर्षी २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयात लागला. मधल्या वर्षांची ती सूट तात्पुरती होती, पण एकदा झाले ते पुन्हा का नाही, हा युक्तिवाद तेव्हापासून बळावला.

विरोधकांचा ठरलेला शब्द ‘गुणवत्ता’. तो पोकळ आहे असे नाही, पण त्यातून वेळापत्रकाचा दोष झाकला जातो. निकाल उशिरा लागतो, पुनर्मूल्यांकनाचा त्याहून उशिरा. ज्याचे दोन गुण वाढून वायडी टळते, त्याला ते कळेपर्यंत पुढच्या वर्षाचे वर्ग सुरू होऊन गेलेले असतात. मग तात्पुरता प्रवेश, आणि हजेरीचा खड्डा पहिल्याच दिवसापासून. अशा मुलाला सवलत नको, वेळेवर निकाल हवा.

उलट सरसकट कॅरी ऑनचे गणित कोणी मांडून दाखवत नाही. समजा, पहिल्याचे २ आणि दुसऱ्याचे ५ विषय राहिले आहेत. मुलगा तिसऱ्यात बसला. हिवाळी सत्रात त्याचे नवे ५ आणि जुने ७, असे १२ पेपर महिनाभराच्या वेळापत्रकात येतात. कधी सकाळी एका वर्षाचा आणि दुपारी दुसऱ्याचा. फीही विषयागणिक वाढते. तो जुने टाकून नवे करतो किंवा नवे टाकून जुने, आणि दोन्हीकडे थोडे थोडे राहते. त्यातच अभ्यासक्रम बदलला, तर जुन्या पॅटर्नच्या परीक्षा मोजक्याच वेळा होतात. त्यानंतर समकक्ष विषयांची यादी पाहून वेगळ्या धड्यांचा पेपर द्यावा लागतो. आणि पदवीला कमाल मुदत आहेच: सर्वसाधारणपणे अभ्यासक्रमाचा काळ अधिक दोन वर्षे, अपवादाने आणखी एक. कॅरी ऑनमुळे गळती कमी होते असे म्हणण्यापेक्षा ती दुसऱ्या वर्षाच्या दारातून उठून शेवटच्या वर्षाच्या दारात जाऊन बसते, हे म्हणणे जास्त खरे. फरक असा, की तिथवर पोचताना घरच्यांनी आणखी दोन वर्षांची फी भरलेली असते.

डिप्लोमा करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्यांचे वेगळे सांगायला हवे. त्यांच्या केंद्रीय प्रवेशफेऱ्या संपेपर्यंत सत्र बरेच पुढे गेलेले असते. पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित त्यांनी केलेले नसते आणि समोर येते ते एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर. हात प्रात्यक्षिकात तयार, इंटिग्रेशनमध्ये अडकतो. पहिल्या चार आठवड्यांत रोज एक जादा तास घेऊन आंशिक विकलन (पार्शल डिफरन्शिएशन) आणि संकलन (इंटिग्रेशन) करून घेतले, तर ही मुले तरतात. सत्राच्या शेवटी घेतलेल्या जादा तासांचा उपयोग होत नाही, कारण तोवर सबमिशनच्या रांगा लागलेल्या असतात.

‘ड्रॉप’ या शब्दाचीही अशीच गत. ‘यंदा ड्रॉप घेतलाय’ याचा अर्थ शिक्षण सोडले असा नाही. प्रवेशपरीक्षा पुन्हा द्यायची आहे, असा. असे बरेच जण बी.एस्सी.ला नाव घालून ठेवतात, शिकवणीला जातात आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे प्रवेश मिळाला की येत नाहीत. पहिल्या वर्षाच्या विज्ञान शाखेची गळती मोठी दिसते, त्यात हेही असतात. २०१८ च्या शुल्क परताव्याच्या नियमाने मूळ कागदपत्रे अडकवून ठेवायला मनाई केली आणि टप्पे ठरवले: प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या किमान १५ दिवस आधी नाव काढले तर पूर्ण फी परत (प्रक्रियेचा खर्च वजा), त्या १५ दिवसांच्या आत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८०, तीसपर्यंत ५०, पुढे शून्य. या टप्प्यांत तिसावा दिवस उलटला की नाव काढून काहीच हाती येत नसे, म्हणून कोणी ते काढतही नसे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या सगळ्यावर नवा शब्द घातला: ‘एक्झिट’. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोनांनंतर पदविका, तिनांनंतर पदवी, चौथे ऑनर्सचे. २०२१ मध्ये क्रेडिटची, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाच्या तासांवर मिळणाऱ्या श्रेयांकांची बँक आली. तिथे जमा झालेली क्रेडिट सात वर्षांपर्यंत धरली जातात. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून ही रचना सुरू झाली. कल्पना चांगली आहे: ज्याला कालपर्यंत गळती म्हणत होतो, तो रिकाम्या हाताने जाणार नाही.

अडचण अटीत आहे. पहिल्या वर्षाच्या प्रमाणपत्राला किमान ४० क्रेडिट लागतात, आणि त्यावर ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप. एक क्रेडिट म्हणजे व्याख्यानांचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३०. म्हणजे जायचे ठरवलेल्याने उन्हाळ्यात आणखी साठ ते एकशेवीस तास द्यायचे. ज्याचे दोन विषय राहिले, त्याची चाळीस बहुधा भरत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत लग्न ठरलेली किंवा वडील आजारी पडल्याने जानेवारीत दुकानावर बसलेला, हे वर्षाच्या मधेच जातात. त्यांच्यासाठी एक्झिटची खिडकी नाही. परत यायला तीन वर्षांची मुदत आहे, पण राज्यातल्या एका मोठ्या शुल्क-सवलत योजनेच्या अटींत अभ्यासक्रमात दोन वर्षांचा खंड चालत नाही. तिसऱ्या वर्षी परतणाऱ्याची क्रेडिट बँकेत शिल्लक असतात. फी मात्र त्याला पूर्ण भरावी लागते.