त्र्यंबक रोडवरच्या ‘गोल्फ क्लब’ची पार्श्वभूमी

नाशिकरोडला रिक्षात बसून ‘हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान’ असं सांगितलं, तर रिक्षावाला बहुतेक वेळा वळून विचारतो, “म्हणजे गोल्फ क्लब ना?” मैदानाचं अधिकृत नाव कान्हेऱ्यांचं आहे, पण बोलण्यात अजून गोल्फ क्लबच चालतं. सकाळी जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या मारणारी माणसं, क्रिकेटची किट घेऊन येणारी मुलं, सभेला ट्रक भरून येणारे कार्यकर्ते सगळे तेच म्हणतात. इथे गोल्फ खेळताना मात्र यांतल्या कुणी कुणाला पाहिलेलं नाही.

ही दोन नावं एकाच जमिनीला कशी चिकटली, हे नाशिककराला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

हिंदुस्थानात गोल्फ आणला तो मुख्यतः स्कॉटिश व्यापाऱ्यांनी आणि लष्करी अधिकाऱ्यांनी. कोलकात्याचा क्लब 1829 चा, ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सर्वांत जुना. मुंबईत 1842 मध्ये क्लब निघाला. पण मुंबईच्या हवेत हा खेळ खेळणं सोपं नव्हतं. चार महिने धो-धो पाऊस, नंतर दमट उकाडा, आणि शहर वाढेल तशी कमी होत जाणारी मोकळी जागा. अठरा होलच्या, म्हणजे चेंडू घालायच्या अठरा खळग्यांच्या, पूर्ण मैदानाला शंभर-सव्वाशे एकर सहज लागतात. एवढी जमीन मुंबई बेटावर कोण देणार?

याचं उत्तर रेल्वेने दिलं. थळ घाट चढून गाडी 1865 मध्ये इगतपुरीला पोहोचली आणि नाशिक मुंबईच्या साहेबाला जवळ आलं. सुमारे सहाशे मीटर उंची, कोरडी हवा, मुंबईपेक्षा कितीतरी कमी पाऊस आणि गावाबाहेर पसरलेलं माळरान. शेजारी देवळालीची लष्करी छावणी, म्हणजे खेळायला अधिकारीही आयते. 1869 मध्ये नाशिक स्वतंत्र जिल्हा झाला, कलेक्टर आला, त्याच्यामागे कचेऱ्या आणि बंगले आले. गंगेकाठचं, म्हणजे गोदावरीकाठचं, पेठांचं, वाड्यांचं जुनं गाव एका बाजूला राहिलं आणि पश्चिमेला, शरणपूर आणि त्र्यंबकच्या रस्त्यांकडे, साहेबांची वस्ती सरकत गेली. गोल्फचं मैदान याच अंगाला झालं यात नवल नाही.

नाशिकच्या क्लबाचं पुढे नाव झालं ‘रॉयल वेस्टर्न इंडिया गोल्फ क्लब’. त्यातल्या ‘रॉयल’ या शब्दाचं मोल आज चटकन लक्षात येत नाही. क्लबने हौसेने स्वतःला लावून घ्यावी अशी ही उपाधी नव्हती. त्यासाठी राजदरबाराची मान्यता लागायची. मुंबई, पुणे सोडून ‘पश्चिम हिंदुस्थान’ हे नाव एका जिल्ह्याच्या गावाने धारण केलं, यावरून त्या काळच्या गोल्फमध्ये नाशिकची पत काय होती ते कळतं.

तेव्हाचा गोल्फ आज टीव्हीवर दिसतो तसा गुळगुळीत हिरवळीवरचा मात्र नव्हता. पाण्याची चणचण असलेल्या भागांत होलभोवतीची जागा हिरवी ठेवणं परवडत नसे. तिथे वाळूत तेल मिसळून, दाबून-लोळवून सपाट थर करत. त्याला ‘ग्रीन’ऐवजी ‘ब्राउन’ म्हणत. खेळाडू गेला की पावलांचे ठसे पुसून थर पुन्हा सारखा करायचा. हे काम, आणि उन्हात पिशवी खांद्यावर घेऊन चेंडूमागे चालण्याचं कॅडीचं काम, सगळीकडे स्थानिक पोरांकडेच असे. क्लबांच्या भिंतींवर विजेत्यांच्या नावांचे फळे लागले, पण पिशव्या वाहणाऱ्यांची नावं कुठे लिहिली गेली नाहीत. ही उणीव मला कायम बोचते. ज्यांच्या पायांखाली ते मैदान रोज होतं, ते क्लबच्या इतिहासात नाहीतच.

आता दुसरं नाव.

साहेबांचा हा निवांत संसार चालू असताना जुन्या नाशकात वेगळंच काही घडत होतं. 1900 च्या सुमारास सावरकर बंधूंचा मित्रमेळा उभा राहिला, 1904 मध्ये त्याचाच अभिनव भारत झाला. बाबाराव सावरकरांवर कविता छापल्याबद्दल राजद्रोहाचा खटला भरला गेला आणि जून 1909 मध्ये त्यांना जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. खटल्याशी संबंध असलेले कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन हे संस्कृतचे जाणकार म्हणूनही ओळखले जात. त्यांची बदली झाली, तेव्हा 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात त्यांच्या निरोपानिमित्त ‘शारदा’चा प्रयोग होता. तिथे अनंत लक्ष्मण कान्हेरे या तरुणाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पिस्तूल लंडनहून गुपचूप आलेल्या ब्राउनिंगपैकी होतं. कान्हेरे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, शिकायला औरंगाबादेत, वय जेमतेम अठरा. कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या साथीदारांसह 19 एप्रिल 1910 रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

गोळीबार मैदानावर झाला नाही, हे आवर्जून सांगतो; अनेकांचा तसा समज असतो. मैदानाला त्यांचं नाव पुढे, हुतात्म्याची आठवण म्हणून दिलं गेलं. तरीही ही निवड मला फार बोलकी वाटते. ज्या राजवटीचे अधिकारी संध्याकाळी काठ्या घेऊन जिथे रमत, तीच जागा त्या राजवटीने फासावर चढवलेल्या मुलाच्या नावाने ओळखली जावी, असं गावाला वाटलं.

क्लबची रया जाण्यामागे स्वातंत्र्य हे एकच कारण नसावं, असं माझं मत आहे. गव्हर्नर विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत विलिंग्डन क्लब निघाला, जिथे हिंदी सभासदांनाही प्रवेश होता. 1927 मध्ये चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आला. मुंबईतच मैदान मिळाल्यावर घाट चढून कोण येणार? 1947 नंतर तर ज्यांच्यासाठी हे सगळं होतं ते बोटीत बसून निघून गेले.

शहराची भूक मोठी असते. आज क्रिकेटचं मैदान, ट्रॅक आणि बाजूच्या मोकळ्या जागा मिळूनही गोल्फच्या मूळ पसाऱ्याचा तो एक तुकडाच असणार. बाकीच्यावर रस्ते, कचेऱ्या, घरं. जवळच्या ईदगाह मैदानावर ईदची नमाज होते, तर गोल्फ क्लबवर सभा होतात. आणि हिवाळ्यात कधी रणजी सामना मिळाला की अख्खं नाशिक तिकडे वळतं. जानेवारी 2025 मध्ये महाराष्ट्र आणि बडोदा इथेच खेळले. सामना बघायला निघालेली माणसं फोनवर एकमेकांना सांगत होती, “गोल्फ क्लबवर ये, गेटपाशी उभा आहे.”