पार्श्वभूमी : डायलिसिसच्या रिपोर्टवरून आयुष्याचा अंदाज कसा बांधला जाऊ लागला

नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत जा, नाहीतर धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या खासगी डायलिसिस युनिटमध्ये. रक्ताचा रिपोर्ट हातात पडला की नातेवाईक पहिल्यांदा एकच आकडा शोधतात. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ, किती आलं? किडनी बिघडल्याचं निदान होताना याच आकड्याने धडकी भरवलेली असते, त्यामुळे डायलिसिस सुरू झाल्यावरही घर त्यालाच धरून राहतं. कमी आला की हायसं वाटतं. पण वर्षानुवर्षं मशीनवर असलेल्या माणसाच्या बाबतीत हा आकडा वेगळंच काही सांगतो. ते लक्षात यायला वैद्यकशास्त्रालाही बराच काळ लागला.

सुरुवातीला प्रश्न फक्त जीव वाचवण्याचा होता. नेदरलँड्समधल्या काम्पेन गावात डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये फिरत्या ड्रमवर सेलोफेनची नळी गुंडाळून पहिलं डायलिसिस यंत्र चालवलं. दुसरं महायुद्ध चालू होतं, सामान मिळत नव्हतं, आणि पहिले बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ मध्ये एक बाई वाचली. तरीही प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागत असल्याने हा उपचार काही दिवसांपुरताच शक्य होता. ती अडचण १९६० मध्ये सिएटलच्या डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनच्या शंटने, म्हणजे हातातल्या रक्तवाहिन्यांत बसवून ठेवलेल्या नळीने सोडवली. त्यांचे पहिले रुग्ण क्लाइड शील्ड्स त्यानंतर सुमारे अकरा वर्षं जगले आणि अखेर हृदयविकाराने गेले. त्यांच्या मृत्यूचं कारण मला मुद्दाम नोंदवावंसं वाटतं, कारण दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्यांचा मोठा शत्रू आजही हृदयच आहे. १९६६ मध्ये ब्रेशिया आणि चिमिनो यांचा फिस्टुला, म्हणजे हातातली धमनी आणि शीर यांचा शस्त्रक्रियेने केलेला जोड, आला. आज आपल्याकडच्या रुग्णांच्या मनगटावर हात ठेवला की जी थरथर लागते, ती त्याचीच.

माणसं वर्षानुवर्षं जगू लागली तेव्हा पुढचा प्रश्न आला : डायलिसिस पुरेसं होतंय हे ओळखायचं कसं? पहिलं उत्तर होतं युरिया, म्हणजे प्रथिनांपासून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात सरासरी युरिया जास्त ठेवलेल्या गटाला वारंवार दवाखान्यात भरती व्हावं लागलं. डायलिसिस पुरेसं झालं का हे मोजणारी, युनिटमध्ये आज ऐकू येणारी ‘यूआरआर’ आणि ‘केटी बाय व्ही’ ही मापं याच वाटेने आली. डायलिसिसच्या आधी आणि नंतर अशी दोनदा रक्ताचा नमुना घेतात, तो युरिया किती टक्के उतरला हे पाहण्यासाठी.

खरं वळण १९९० मध्ये आलं. एडमंड लॉरी आणि नॅन्सी ल्यू यांनी अमेरिकेतल्या १२ हजारांहून अधिक रुग्णांचे नेहमीचेच रिपोर्ट एकत्र मांडले. एकही नवी तपासणी नव्हती, सगळे आकडे फायलींत पडूनच होते. मृत्यूचा धोका सगळ्यात ठळकपणे दाखवणारा आकडा निघाला अल्ब्युमिन, म्हणजे यकृतात बनणारं रक्तातलं प्रथिन. आणि क्रिएटिनिन? डायलिसिसआधीचं क्रिएटिनिन ज्यांचं कमी, त्यांच्यात मृत्यू जास्त. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. किडनी जवळजवळ बंदच असताना ते महिन्यागणिक उतरत असेल, तर बहुधा माणूस आतून झिजतो आहे, त्याचं मांस गळतं आहे. डायलिसिसनंतर लगेच घेतलेल्या रक्तात ते कमी दिसणारच, कारण मशीनने नुकतंच धुऊन काढलेलं असतं. दोन्ही परिस्थितींत घरच्यांना वाटलेला दिलासा चुकीच्या आकड्यावर टेकलेला असतो.

१९९३ मध्ये ओवेन, लॉरी आणि सहकाऱ्यांनी १३,४७३ रुग्णांवरून हेच आणखी नेमकं केलं. अल्ब्युमिन ४ असलेल्यांच्या तुलनेत ३.५ ते ३.९ असलेल्यांमध्ये मृत्यूची शक्यता सुमारे दीडपट होती, आणि ३ ते ३.४ असलेल्यांमध्ये तिपटीहून जास्त. युरिया नीट न उतरल्यानेही धोका वाढत होता, पण त्याचा उतार इतका तीव्र नव्हता. रिपोर्टवर साडेतीनच्या आसपासचा आकडा लॅबच्या मर्यादेत बसतो, त्याखाली लाल रेघ येत नाही, आणि घरात कोणी त्याच्याबद्दल विचारत नाही. ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

अल्ब्युमिन का उतरतं, याचं एक कारण आपल्या ताटात आहे. डायलिसिसच्या आधीच्या काळात डॉक्टरांनी प्रथिनं मोजून खायला सांगितलेलं असतं. घराघरात त्याचा अर्थ होतो डाळ बंद, अंडी बंद, मटण बंद. मग डायलिसिस सुरू होतं आणि गरज उलटते. आता रोज किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. पण जुनं पथ्य तसंच चालू राहतं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याहून पहाटे निघून नागपुरात डायलिसिसला बसणारा माणूस दिवसभरात दोन पोळ्या आणि पातळ वरणावर राहिला, तर त्याचं शरीर स्वतःचेच स्नायू वापरणार.

पण सगळा दोष ताटाला देता येत नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस झिमरमन, स्टेनविंकेल यांच्या अभ्यासांनी दाखवलं की या रुग्णांच्या शरीरात दाह सतत धुमसत असतो. दाह दाखवणारं रक्तातलं सीआरपी वाढलेलं असतं. त्या अवस्थेत यकृत अल्ब्युमिन कमी बनवतं आणि रक्तवाहिन्याही लवकर खराब होतात. कुपोषण, दाह आणि रक्तवाहिन्यांचा कडकपणा एकमेकांना ओढत नेतात. मानेतल्या तात्पुरत्या कॅथेटरमधून होणारा जंतुसंसर्ग हे दाहाचं एक मोठं कारण आहे. आपल्याकडे पुष्कळांचं डायलिसिस घाईघाईत, मानेत नळी घालूनच सुरू होतं आणि फिस्टुला पुढे ढकलला जातो. अल्ब्युमिन उतरलेलं दिसलं की जेवणाइतकीच चौकशी त्या नळीची, हिरड्यांची आणि पायाच्या जखमेचीही करायला हवी.

धोका दाखवणारा आकडा सापडला की तो सुधारून आयुष्य वाढवू, असं वाटणं स्वाभाविक होतं. पुढची वीसेक वर्षं तेच करून पाहण्यात गेली आणि निकाल निराश करणारे होते. १९९८ मध्ये हृदयविकार असलेल्या १,२३३ डायलिसिस रुग्णांत इपोच्या, म्हणजे रक्तपेशी वाढवणाऱ्या हार्मोनच्या इंजेक्शनने रक्त निरोगी माणसाइतकं वाढवून पाहिलं. वाढवलेल्या गटात १८३ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात १५०. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. हिमोग्लोबिन साधारणपणे साडेअकराच्या वर नेऊ नये, हा आजचा सल्ला याच आणि नंतरच्या अशाच अभ्यासांतून आला. २००२ मध्ये १,८४६ रुग्णांवरच्या अभ्यासात युरिया ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त काढूनही आयुष्य वाढलं नाही. २००५ मध्ये जर्मनीत १,२५५ मधुमेही डायलिसिस रुग्णांना कोलेस्टेरॉलची गोळी दिली. वाईट कोलेस्टेरॉल चांगलंच उतरलं, पण हृदयविकाराने मृत्यू, हार्ट अटॅक आणि पक्षाघात यांच्या एकत्रित प्रमाणात ठोस फरक पडला नाही. शिवाय या रुग्णांमध्ये कमी कोलेस्टेरॉल हे बरेचदा झिजण्याचंच चिन्ह निघालं. कारखान्याच्या चिमणीतला धूर रंगवून आतली आग विझत नाही, तसंच यातल्या कित्येक आकड्यांचं झालं.

पोटॅशियमची गोष्ट वेगळी. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत ते रक्तात साचत जातं, आणि इथे आकडा स्वतःच जीव घेऊ शकतो, तोही काही तासांत. २०११ मध्ये फोली आणि सहकाऱ्यांनी आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्या ३२ हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या. दोन दिवसांच्या मोठ्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयविकाराने दवाखान्यात भरती होण्याच्या घटना स्पष्टपणे जास्त होत्या. आपल्याकडे कित्येक जण आठवड्यातून दोनदाच बसतात, म्हणजे प्रत्येक आठवड्यात त्यांचा खंड याहून मोठा. त्यात मे महिन्यातलं नागपूरचं ४५ अंशांचं ऊन, तहान, आणि हिवाळ्यात दारोदारी येणारी संत्र्यांची टोपली. संत्र्यात पोटॅशियम भरपूर, म्हणून ते मोजूनच खायचं, खंडाच्या दिवसांत तर नाहीच. फॉस्फरसही असाच साचतो, पण त्याबद्दल माझा आग्रह असा की डाळीवर राग काढण्याआधी कोला आणि पाकीटबंद खाणं बंद करा. त्यात मिसळलेलं फॉस्फेट जवळजवळ सगळं अंगात जातं, डाळीतलं त्यामानाने बरंच कमी.

केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाला, राज्यात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. मशीनपर्यंत पोहोचणं त्यामुळे पूर्वीपेक्षा सोपं झालं. पण अनेक घरांत अल्ब्युमिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) किंवा पीटीएचची (हाडांवर परिणाम करणाऱ्या हार्मोनची) तपासणी अजूनही पैसे जमले तरच होते.

आकडा पाहून उपचार केल्याने फायदा झाल्याचं एक चांगलं उदाहरण लोहाचं आहे. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या २,१४१ रुग्णांच्या अभ्यासात फेरिटिन ७०० च्या वर जाईपर्यंत शिरेतून नियमित भरपूर लोह दिलेल्या गटात मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हार्ट फेल्युअरने भरती होण्याच्या घटना कमी झाल्या, इपोही कमी लागलं. विदर्भात हा आकडा वाचताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्येच इथल्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची नोंद ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात केली होती, आणि सिकलसेल किडनीही बिघडवतो. अशा रुग्णाला पुन्हा पुन्हा रक्त चढवलेलं असेल तर त्याच्या अंगात लोह आधीच साठलेलं असतं. त्याचं फेरिटिन जास्त दिसणं आणि एखाद्या मधुमेही रुग्णाचं दाहामुळे जास्त दिसणं यांचा अर्थ एक नाही, आणि दोघांचं हिमोग्लोबिनचं लक्ष्यही एकाच मापाने ठरवता येत नाही. शिवाय चढवलेल्या प्रत्येक बाटलीबरोबर परक्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी तयार होण्याची शक्यता वाढते. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव असेल, तर जुळणारी किडनी मिळणं त्यामुळे आणखी अवघड होतं.