जास्त व्हीए म्हणजे जास्त बॅकअप? नाही!

‘हजार व्हीएचा यूपीएस घ्या, राउटर दिवसभर चालेल’ हा सल्ला दुकानापासून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. यूपीएस एका वेळी किती भार पेलेल, ते व्हीए (व्होल्ट-अँपिअर) सांगतो. किती वेळ पेलेल, ते बॅटरी ठरवते.

घरगुती ६०० व्हीए यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. गुणाकार करा: ८४ वॅट-तास. राउटर आणि ओएनटी (फायबरची तार ज्याला जोडतात तो छोटा डबा) मिळून १५ ते २० वॅट घेत असतील, तर कागदावर चार ते साडेपाच तास. प्रत्यक्षात बरेच कमी, कारण १२ व्होल्टचे २३० करायचे आणि अडॅप्टरने पुन्हा १२ वर आणायचे, यात ऊर्जा वाया जाते. शिवाय यूपीएस स्वतःही वीज खातो, आणि भार इतका लहान असला की ते चांगलंच जाणवतं.

म्हणून एवढ्याशा कामासाठी थेट डीसी (अडॅप्टरमधून राउटरला मिळते तशीच वीज) देणारा मिनी यूपीएस मला केव्हाही सरस वाटतो. मात्र अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर नीट वाचून घ्या. ९ व्होल्टच्या राउटरला १२ देऊ नका. आणि ओएनटीलाही बॅकअप द्या, नाहीतर वायफाय दिसेल पण इंटरनेट नसेल.