आमवातातील दुखरा खांदा : पार्श्वभूमी

कोकणातल्या घरात बाईचा खांदा धरला आहे हे पुष्कळदा तिच्या केसांवरून कळते. रोज स्वतः अंबाडा घालणारी बाई एके दिवशी सुनेपुढे पाठ करून बसते, कारण हात मानेमागे जात नाही. रहाट ओढून नाहीतर लावणीने खांदा भरून आला असेल, असे म्हणून निरगुडीच्या पाल्याने शेकले जाते. बोटे आणि मनगटे आमवाताने, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसने, आधीच सुजलेली असली, तरी खांद्याचे दुखणे निराळे समजले जाते.

ही समजूत जुनी आहे. माधवनिदान या आयुर्वेदातील रोगनिदानाच्या जुन्या ग्रंथात आमवाताच्या लक्षणांत हात, पाय, डोके, घोटे, त्रिक (कंबरेखालचा भाग), गुडघे आणि मांड्या यांचे सांधे सांगितले आहेत, पण खांद्याचा स्पष्ट उल्लेख नाही. खांदा आखडण्याला सुश्रुताने ‘अवबाहुक’ असे वेगळेच नाव दिले होते. युरोपात इंग्रज डॉक्टर आल्फ्रेड गॅरॉड यांनी १८५९ मध्ये या आजाराला आजचे इंग्रजी नाव दिले. मात्र त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, १९८७ मध्ये हा आजार ओळखण्यासाठी ठरलेल्या अमेरिकी निकषांतही बोटे, मनगट, कोपर, गुडघा, घोटा आणि पायाच्या बोटांचे सांधेच मोजले जात. खांदा त्यांत नव्हता. २०१० च्या निकषांत त्याची मोठ्या सांध्यांमध्ये गणना झाली.

खांदा मागे राहिला त्याचे एक कारण शरीररचनेत आहे. जाड स्नायूखाली असल्यामुळे त्याची सूज बोटांच्या सुजेसारखी डोळ्यांना दिसत नाही, आणि एक्स-रेवर झीज दिसेपर्यंत स्नायुबंध (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) बरेच विरलेले असू शकतात.

खांदा बिघडण्याचा धोका कोणाला अधिक, हे आता बरेच स्पष्ट आहे. आजार वर्षानुवर्षे आटोक्यात नसणे, रक्तात ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर (या आजारात पुष्कळदा आढळणारे प्रतिपिंड) असणे आणि इतर सांध्यांची हाडे झिजलेली असणे ही त्यांतली मुख्य कारणे होत. साठीनंतर सुरू होणारा आजार तर अनेकदा खांद्यापासूनच सुरू होतो. मधुमेह असल्यास खांदा आखडण्याची शक्यता वाढते. अमेरिकी डॉक्टर फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये या रुग्णांवर प्रथम वापरलेल्या कॉर्टिसोन या स्टेरॉइडने वेदना थांबवल्या, पण स्टेरॉइड दीर्घकाळ घेतल्यास स्नायुबंध कमजोर होतात आणि दंडाच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. म्हणून कशाची आहे हे न सांगता दिलेली ‘वाताची पुडी’, जिच्यात स्टेरॉइड असू शकते, मला फार चिंतेची वाटते.

खांदा बिघडण्याचे आणखी एक कारण घरातच दिसते. विळीवर नारळ खवून झाल्यावर दुखऱ्या गुडघ्यांची बाई पाटावरून उठते, ती दोन्ही तळहात जमिनीला टेकून, आणि तेव्हा अंगाचा सगळा भार त्या खांद्यांवर येतो.