चालानाची वही वेगळी, विम्याची वही वेगळी

व्हेरायटी चौकात पिवळ्याचा लाल होता होता गाडी दामटली, मामा कुठे दिसला नाही म्हणून हायसं वाटलं, आणि काही दिवसांनी मोबाइलवर मेसेज आला. नागपुरात हा अनुभव आता कोणाला नवा नाही. लिंक उघडली की आपल्याच गाडीचा फोटो दिसतो. नंबर प्लेट ठळक, चाकं स्टॉप लाइनच्या पुढे. गाडी कोण चालवत होतं ते मात्र बहुतेक फोटोंत कळत नाही. हे लक्षात असू द्या, पुढे कामी येईल.

त्याच सुमारास इन्शुरन्स रिन्यू करायची वेळ आली असेल तर घरात प्रश्न निघतोच: या चालानामुळे आता हप्ता वाढेल का? विचारणाऱ्याचा मुलगा किंवा भाचा बहुधा अमेरिकेत असतो. "तिकडे साधं स्पीडिंगचं तिकीट लागलं तर याचा प्रीमियम चढला." तिकडे चढतो हे खरं. इकडे आजच्या घडीला चढत नाही. असं का, याचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं.

आधी तिकडचं. अमेरिकेत विमा कंपनी हप्ता ठरवताना गाडीइतकंच गाडी चालवणाऱ्याकडे बघते. घरातल्या चालकांची नावं पॉलिसीत असतात, आणि कंपनी नूतनीकरणाच्या वेळी त्यांचा ड्रायव्हिंगचा सरकारी अभिलेख मागवू शकते. चालत्या गाडीचे गुन्हे, म्हणजे वेग, सिग्नल, चुकीची लेन, त्यात येतात. पार्किंगचं तिकीट सहसा येत नाही. कॅलिफोर्नियात तर १९८८ साली लोकांनी मतदान करून ठरवलं की हप्त्याच्या गणितात चालकाच्या सुरक्षिततेच्या नोंदीला पहिला मान द्यायचा. तिथेच एक पळवाटही आहे. किरकोळ तिकीट असेल तर ट्रॅफिक स्कूलचा वर्ग करायचा, म्हणजे त्या गुन्ह्यासाठी चालकाच्या नोंदीवर चढलेला पॉइंट विमा कंपनीच्या नजरेआड राहतो. अठरा महिन्यांतून एकदाच ही सवलत मिळते. ब्रिटनमध्ये लायसन्सवर पॉइंट साठवायची पद्धत १९८२ पासून आहे, तीन वर्षांत बारा झाले की लायसन्सवर गदा येते, आणि विमा काढताना हे पॉइंट सांगावेच लागतात. जर्मनीची तऱ्हा निराळी. फ्लेन्सबुर्ग या गावातल्या कार्यालयात १९७४ पासून चालकांचे पॉइंट मोजले जातात, पण हप्ता ठरतो तो किती वर्षं क्लेम केला नाही यावर. म्हणजे शिस्तीसाठी ओळखला जाणारा देश या बाबतीत आपल्याच पंगतीला.

आपल्याकडे ही गोष्ट सुरू होते ती अपघातात सापडणाऱ्या पादचाऱ्यापासून. ब्रिटनने १९३० च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टने तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला: आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा. त्याच धर्तीवर १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आठवं प्रकरण आलं, पण ते प्रत्यक्षात लागू झालं १ जुलै १९४६ ला. नागपूर तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं आणि मोटार ही मूठभर घरांतली चीज होती. कायद्याला काळजी होती ती गाडीखाली आलेल्याला भरपाई कोण देणार याची. गाडीला विमा असला की काम भागत होतं, चालक शिस्तीचा की बेशिस्त हे त्या चौकटीत महत्त्वाचं नव्हतं. १९८८ च्या कायद्यात हे प्रकरण आठव्याचं अकरावं झालं, मूळ विचार तसाच राहिला.

मग १ जानेवारी १९७३ ला सामान्य विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. १०७ कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या आणि मोटारीचे दर टॅरिफ अ‍ॅडव्हायझरी कमिटी ठरवत असे. दरपत्रक सगळ्या देशाला एकच. त्यात गाडीची किंमत, वय, इंजिनाची क्षमता आणि गाव एवढंच बघायचं. गाव म्हणजे झोन. २००२ च्या दरपत्रकात खासगी गाड्यांसाठी झोन ए मध्ये आठ शहरं: अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे. बाकी सगळा देश झोन बी. म्हणजे पुणं ए मध्ये आणि आपण बी मध्ये. नागपूरकराला एरवी हे खुपलं असतं, पण झोन बी चा दर कमी असल्याने कोणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. पुढे हे दरपत्रक गेलं तरी झोनची ती रकाना-ओळ अनेक पॉलिसींच्या कागदावर अजून दिसते.

तुमच्या वागणुकीला त्या दरपत्रकात एकच दरवाजा होता: नो क्लेम बोनस, बोलीभाषेत एनसीबी. पहिल्या वर्षी क्लेम केला नाही तर नूतनीकरणाला गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या, म्हणजे ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट. मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एक क्लेम केला की साप-शिडीसारखं थेट शून्यावर. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तरी बोनस जातो. आणि हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नवी घेतली तर तो सोबत नेता येतो.

लोक चालानाला घाबरतात, पण खिशाला भोक पडतं ते इथे. समजा बोनस धरण्याआधी ओन डॅमेजचा हप्ता ८,००० रुपये आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर पोचलात. भरायचे ४,०००. धंतोलीत कुठल्याशा हॉस्पिटलसमोर गाडी लावताना बंपर घासला, गॅरेजवाल्याने ३,५०० सांगितले, तुम्ही क्लेम टाकला. पुढच्या वर्षी बोनस शून्य, हप्ता ८,०००. साडेतीन हजार वाचवायला एका वर्षात चार हजार जास्त गेले, आणि पुन्हा ५० वर चढायला पाच वर्षं. त्याच जागी नो पार्किंगचं चालान झालं असतं तर कायद्याच्या कलम १७७ प्रमाणे पहिल्या वेळी ५०० रुपये. भरले की विषय संपला.

१ जानेवारी २००७ पासून ओन डॅमेजचे दर मोकळे झाले, कंपन्यांना आपापले आकडे लावता येऊ लागले. थर्ड पार्टीचा दर मात्र मोकळा झाला नाही. तो अजून सरकारी अधिसूचनेने ठरतो. १ जून २०२२ पासून १,००० सीसीपर्यंतच्या कारला २,०९४ रुपये, १,५०० पर्यंत ३,४१६, त्यावर ७,८९७. यात एनसीबी नाही, झोन नाही, चालान नाही. वर्षात पंचवीस वेळा सिग्नल तोडणारा आणि स्टॉप लाइनच्या दोन फूट मागे थांबणारा, दोघांची थर्ड पार्टीची रक्कम सारखीच.

या दोन वह्या जोडायचा सरकारी विचार पुढे आला तो २०१९ मध्ये. मोटार वाहन कायद्याची दुरुस्ती झाली, १ सप्टेंबरपासून दंड कित्येक पटींनी वाढले. ती दुरुस्ती आणणारे मंत्री नितीन गडकरी, म्हणजे आपल्याच शहराचे खासदार. गंमत अशी की महाराष्ट्रानेच नवे दंड थोपवून धरले. तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी फेरविचारासाठी केंद्राला पत्र लिहिलं, आणि वाढीव दंड राज्यात लागू झाले ते डिसेंबर २०२१ मध्ये. म्हणजे दिल्लीत लागू झालेला गडकरींचा कायदा त्यांच्या मतदारसंघातल्या चौकांत पोचायला दोन वर्षांहून जास्त लागली.

नवे दंड लागू झाल्यावर आठवड्याभरातच विमा नियामक आयआरडीएआयने एक कार्यगट नेमला: वाहतुकीचे गुन्हे आणि विम्याचा हप्ता जोडता येतील का ते बघा, आणि प्रयोग दिल्लीत करा. मसुदा बाहेर आला जानेवारी २०२१ मध्ये. पॉलिसीत ओन डॅमेज, थर्ड पार्टी वगैरे भाग असतात, त्यांत वाहतूक उल्लंघनाचा आणखी एक, पाचवा भाग घालायचा. प्रत्येक गुन्ह्याला गुण. दारू पिऊन चालवलं तर १००, चुकीचं पार्किंग १०. गुण २० च्या आत असतील तर काही जादा नाही, म्हणजे एखादं पार्किंगचं चालान पोटात घातलं जाणार होतं. त्यापुढे दुचाकीला १०० ते ७५० रुपये, चारचाकीला ३०० ते १,५०० रुपये. मागच्या दोन वर्षांची नोंद बघायची, आणि पोलिसांकडची माहिती गोळा करून गुण मोजण्याचं काम इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोने करायचं.

मसुदा वाचनीय होता. पण त्यात गुण गाडीच्या नावावर चढत होते आणि पैसे नोंदणीकृत मालकाने भरायचे होते, आणि अडचण नेमकी तिथे आहे. सुरुवातीचा तो फोटो आठवा, चालक न दिसणारा. एमएच-३१ किंवा एमएच-४९ ची एकच कार सकाळी वडील बँकेत नेतात, दुपारी मुलगी क्लासला, रात्री मुलगा मित्रांना घेऊन फुटाळ्यावर. कॅमेऱ्याला नंबर दिसतो, माणूस दिसत नाही. आपल्याकडे वाहन आणि वाहनचालक असे दोन वेगळे सरकारी डेटाबेस आहेत, त्यांची नावं ‘वाहन’ आणि ‘सारथी’. ई-चालान पहिल्याला चिकटतं. अमेरिकेत तिकीट चालकाच्या लायसन्सला चिकटतं, म्हणून तिथे ते विम्यापर्यंत सरळ पोचतं. त्यात आपली आणखी एक सवय. चालान थकवायचं, राष्ट्रीय लोक अदालतीची तारीख आली की तडजोड करून मोकळं व्हायचं. लोक अदालतीत मिटलेलं चालान हप्त्यासाठी गुन्हा धरायचं की नाही, याच्यावरच वर्षभर वाद चालला असता.

तो मसुदा मसुदाच राहिला. २०२४ च्या अखेरीस दिल्लीचे नायब राज्यपाल व्ही. के. सक्सेना यांनी केंद्रीय अर्थमंत्र्यांना पत्र लिहून तीच मागणी पुन्हा केली. त्याआधी जुलै २०२२ मध्ये नियामकाने दुसऱ्या वाटेने थोडं अंतर कापलं होतं: किती चालवता, कसं चालवता यावर ओन डॅमेजचा हप्ता ठरवणारी अ‍ॅड-ऑन कव्हर द्यायला कंपन्यांना परवानगी मिळाली. गाडीतलं यंत्र किंवा मोबाइलचं अ‍ॅप ब्रेक किती जोरात मारला ते सांगतं. ते ऐच्छिक आहे आणि त्यात पोलिसांचा संबंध नाही.

विम्याला दुसऱ्या गोष्टी अडकवण्याचा एक धडा आपण घेऊन झालेला आहे, असं मला वाटतं. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसी नसेल तर विम्याचं नूतनीकरण नको असा आदेश दिला होता. हेतू चांगलाच. पण पीयूसीपायी लोक विमाच सोडू लागले तर अपघातग्रस्ताचं काय, हा मुद्दा विमा कंपन्यांच्या परिषदेने मांडला, आणि जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने ती अट मागे घेतली. हप्त्यात चालानाची भर घातली तर सगळ्यात आधी विमा कोण सोडेल? ज्याची चालानं सगळ्यात जास्त, तोच.

म्हणजे किरकोळ चालानाचा विम्याशी काहीच संबंध नाही? आहे. हप्त्याशी नाही, क्लेमशी आहे, आणि तो चालकाच्या लायसन्समार्फत. पॉलिसीच्या कागदावर ड्रायव्हर्स क्लॉज नावाचा एक परिच्छेद असतो, जो कोणी वाचत नाही. त्याचा अर्थ असा: अपघाताच्या वेळी गाडी चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स हवं, आणि तो लायसन्स बाळगायला अपात्र ठरलेला नसावा. आता यात चालान कुठून आलं? सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना सांगितलं की लाल सिग्नल तोडणं, वेगमर्यादा ओलांडणं, चालवताना मोबाइलवर बोलणं यांसाठी लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. २०१९ च्या दुरुस्तीने हेल्मेट नसलं तरी तीन महिन्यांची अपात्रता कायद्यात लिहिली. कॅमेऱ्याचं चालान इथपर्यंत सहसा पोचत नाही, पण चौकात अडवून लायसन्स हातात घेणारा मामा पोचवू शकतो.

त्या तीन महिन्यांत त्याच माणसाने गाडी काढली आणि वर्धा रोडवर ठोकली, तर ओन डॅमेजचा क्लेम अडकतो. दंड भरून झालेला असला तरी. समोरच्या जखमीला भरपाई मिळावी म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्णसिंग निकालाने वाट काढली आहे: आधी कंपनीने द्यायचं, मग मालकाकडून वसूल करायचं. वसुलीची नोटीस मग मालकाच्या पत्त्यावर येते.

तेव्हा लायसन्स निलंबित असताना गाडी दुसऱ्याने चालवावी हे बरं. घरात बायकोचं, मुलीचं वैध लायसन्स असेल तर गिरीपेठच्या आरटीओकडून आपलं पुन्हा चालू होईपर्यंत किल्ली तिच्याकडे. पॉलिसीची त्याला हरकत नाही, ती गाडीची आहे.